अंगावर वाळवलेलं

८ जानेवारी, सोमवार

पोचले एकदाची! एका हातात ट्रंक, खांद्यावर पिशवी आणि काखेत बाबांची जुनी इस्त्री, अशा अवतारात मी दारात उभी राहिले, तेव्हा घरमालकीण आधी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या की बाकीच्या मुली राहायला येताना आरसा आणतात, ही इस्त्री घेऊन आली. मी सांगितलं, बाबांची लाँड्री आहे, आमच्याकडे आरशापेक्षा इस्त्रीला जास्त मान. त्यावर आणखीच हसल्या. त्यांना मावशी म्हणायचं, हे दोन मिनिटांत ठरून गेलं.

खोली मागच्या बाजूला आहे. लोखंडी खाट, टेबल, खुर्ची, एक खिडकी. खिडकीबाहेर छोटंसं अंगण आणि त्यात कपडे वाळत घालायच्या तीन दोऱ्या. दोऱ्या बघून मी अशी हरखले की मावशींना वाटलं असेल, या पोरीने जन्मात दोरी पाहिली नाही. माझ्या दारासमोर पाच पावलांचा बोळ, आणि पलीकडे मावशींच्या मुलीची खोली. ती बाहेर गेली आहे, येईल म्हणाल्या. माझ्याच वयाची, माझ्याच उंचीची आहे म्हणे.

टॉवेल अडकवायला मावशींकडे खिळा मागितला. त्यांनी छानसा पितळी आकडा दिला आणि तळहात तसाच पुढे धरून ठेवला. मला काही कळेना. मग म्हणाल्या की या घरात एक न्यायचं आणि एक ठेवायचं, फुकट काही नाही. पूर्वी त्यांचं बटणं-दोऱ्यांचं दुकान होतं, तेव्हापासूनची सवय. मी हसत केसांतली पिन काढून दिली. त्यांनी ती झग्याच्या खिशात ठेवून वरून दोनदा थोपटली.

ही वही बाबांनी दिली आहे. म्हणाले, तिथे तोंडाचा पट्टा कुणावर चालवणार? वहीवर चालव. मला पोपट म्हणतात ते. तर वहीबाई, हा पोपट आता झोपतो.

१० जानेवारी, बुधवार

आमचा शिल्पाचा वर्ग म्हणजे एक जुनं गोदाम. सगळीकडे प्लास्टरची पांढरी पूड. अकरा जण आहोत. सर एवढेसे, भुवयांवर कायम लाकडाचा भुसा, हातात कायम चहाचा कप, आणि तो चहा ते कधीच पीत नाहीत.

सरांनी कामं सांगितली. मार्चमधल्या प्रदर्शनापर्यंत तीन-चार शिल्पं करायची. दगड नको, धातू नको, माती नको. घरात रोज हात लागतो अशाच वस्तू वापरायच्या. आणि त्यातून जे सांगायचं ते स्वतःचं असलं पाहिजे, दुसऱ्याचं दुःख उसनं आणलेलं लगेच कळतं, असं त्यांनी बजावलं.

माझ्या शेजारी एक उंचच उंच मुलगी बसते. सगळे तिला जिराफ म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. ती जळक्या काड्यांपासून तिच्या आईचं वाट बघणं करणार आहे. पलीकडचा एक जण अंगाच्या साबणांचे उरलेले तुकडे गोळा करतोय. मी काय करणार ते माझं आधीच ठरलंय.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तिचा एक स्वेटर बाबांनी धुतला नाही. कोपराशी तिच्या कोपराचा फुगा तसाच होता, कितीतरी दिवस. कपडे माणसाला सहजासहजी सोडत नाहीत, हे मला लाँड्रीत वाढल्यामुळे माहीत आहे. मी कपडे खळ घालून असे कडक करणार की ते स्वतःच्या पायांवर उभे राहतील, आणि आत कोणी नसेल. मालिकेचं नाव ‘घरात कोणी नाही’.

१४ जानेवारी, रविवार

बरोबर दहाला बाबांचा फोन. शेजारच्या औषधाच्या दुकानातून करतात आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं बोलतात. आधी इस्त्री ठीक आहे का विचारलं, मग मी जेवते का ते. मी त्यांना मालिकेबद्दल सांगितलं. म्हणाले, कर, पण खळ पातळ कर, गुठळ्या होऊ देऊ नकोस.

नऊ वर्षांत आम्ही दोघं दोन दिवसांपेक्षा जास्त कधी लांब राहिलो नव्हतो. फोन ठेवल्यावर मी मस्तपैकी रडले. मावशींनी पाणी दिलं, आणि या वेळी बदल्यात काही मागितलं नाही.

१७ जानेवारी, बुधवार

माझ्याकडे कपड्यांचे मोजून चार जोड, ते खळीत बुडवले तर घालू काय? मावशींना जुने कपडे मागितले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि समोरची खोली उघडली.

मुलीची खोली लखलखीत आहे. धुळीचा कण नाही. कपाटातले सगळे कपडे गळ्यापर्यंत बटणं लावून टांगलेले, दुकानात लावतात तसे. मावशींनी एक पांढरा लांब बाह्यांचा शर्ट काढून दिला आणि तळहात पुढे केला. मी अंगावर होता तो निळा शर्ट द्यायचं कबूल केलं, म्हटलं धुऊन देते. तर नको म्हणाल्या. धुतलेला नको, अंगातून काढलेला दे. असतात एकेकाची खुळं! दिला.

पांढरा शर्ट मला असा बसला की जणू माझं माप घेऊन शिवलाय. ती कुठे गेली आहे हे विचारलं, तर बाहेर, एवढंच म्हणाल्या.

१९ जानेवारी, शुक्रवार

खळ शिजवली, गाळली, बाह्या बुडवून पिळल्या आणि बाटल्यांवर चढवून वाळत ठेवल्या. वाळल्यावर काय, लोड! हात म्हणून नावाला नाही. बाटलीला कोपर असतो का कुठे?

जिराफला विचारलं. ती म्हणाली, आमच्याकडे कापडाची शिल्पं करणारे सगळे बाटली, बादली नाहीतर जाळीवरच वाळवतात. अंगावर मात्र वाळवायचं नाही, हे तू यायच्या आधी पहिल्याच सत्रात सांगून ठेवलंय. का, ते कोणी सांगत नाही. मी म्हटलं, माझ्या बाबांनी जन्मभर अंगावरचेच कपडे हाताळले, बाटल्यांचे नाही. तिला हसू आलं.

दुपारी ओल्या बाह्या सरळ हातांत चढवल्या. अंगणात उन्हात टेबल ओढलं, कोपरं टेकली आणि दोन तास पुतळ्यासारखी बसून राहिले. मावशींनी चहा बशीत ओतून मला पाजला, तोंडही पुसलं. त्यांना एवढं खुशीत मी पाहिलं नव्हतं. वाळल्यावर आतली शिवण उसवून हात बाहेर काढले आणि शिवण पुन्हा टाकली. आता टेबलावर दोन हात आहेत. एका बाहीचं मनगट जरासं उचललेलं, काहीतरी सांगायला निघाल्यासारखं. माझंच काम, आणि मीच वेड्यासारखी बघत बसले.

२३ जानेवारी, मंगळवार

सरांनी बाह्यांभोवती तीन चकरा मारल्या. मग तिथे कोण बसलंय असं विचारलं. मी म्हटलं कोणीच नाही, हाच तर विषय आहे. ते म्हणाले, नाही, कोणीतरी आहे. आणि चहा प्यायले! अख्खा वर्ग बघत राहिला. जिराफने पाठीत असा धपाटा घातला की अजून दुखतंय.

बाह्या घरी आणल्या. माझ्या टेबलावर जागा नाही म्हणून मावशींनी त्या मुलीच्या टेबलावर ठेवल्या. मला काय, जागा झाली.

२६ जानेवारी, शुक्रवार

सकाळी उठले तर कोपर वळेना. दोन्ही. दात घासायला मान हाताकडे न्यावी लागली. गरम पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसले, तेव्हा कुठे सुटले. बादलीत पाणी पांढुरकं झालं आणि तळाशी साका बसला. कातडीत खळ मुरली असणार. जिराफ म्हणते, भोग आता, सांगितलं होतं.

दुपारी बाह्या बघायला समोरच्या खोलीत गेले. दोन्ही मनगटं ओली. वास घेतला तर भांड्यांच्या साबणाचा. स्वयंपाकघरात सगळी भांडी घासून पालथी घातलेली होती आणि मावशी खुर्चीत पाय वर घेऊन गुणगुणत होत्या. त्यांच्या हातांना पाणी लागलेलं दिसलं नाही. मी परत जाऊन मनगटं फडक्याने कोरडी केली. काय विचारायचं?

२८ जानेवारी, रविवार

बाबा येणार! तीन मार्चला, प्रदर्शन बघायला. लाँड्री बंद ठेवून! नऊ वर्षांत एक दिवस बंद ठेवली नाही त्यांनी. मी फोनवर अशी किंचाळले की मावशींनी कानावर हात ठेवले. हात दुखतात हे सांगायचं राहूनच गेलं.

आता काम जबरदस्त झालं पाहिजे. बाबांनी बघायचं आहे.

१ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरं शिल्प: मुलीच्या कपाटातला तपकिरी स्कर्ट, खुर्चीत बसलेला. बादलीवर वाळवून पाहिला, बादलीसारखाच दिसला. तीन दिवस झगडले. शेवटी अंगावरच वाळवला. कमरेपासून खाली, खुर्चीत बसून, सगळी दुपार. एकदाच, म्हटलं. गुडघ्यांचे उंचवटे, मांडीवरचा झोळ, सगळं उतरलं. बदल्यात मावशींना माझा काळा स्कर्ट दिला. हातपाय दुखतील ते दुखोत, बाबा बघतील तेव्हा तरी त्यांना वाटायला हवं की पोरगी शिकायलाच गेली होती.

६ फेब्रुवारी, मंगळवार

सर म्हणाले की वर्षातलं सगळ्यात चांगलं काम. मी धड उभी पण नव्हते. गुडघे वळत नाहीत. जिना उतरायला जिराफने आधार दिला.

परतताना कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्तीवाला म्हणाला, मघाशी हाक मारली तर बघितलंही नाही, फार भाव खाता. मघाशी मी वर्गात होते. मी म्हटलं दुसरं कोणी असेल. तो म्हणाला, तपकिरी स्कर्ट होता की, घरातून निघून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आलात.

घरी आले. स्कर्ट मुलीच्या खोलीत, खुर्चीत, होता तसा. सरांना वर्गात त्याचा फोटोच दाखवला होता, स्कर्ट घराबाहेर नेलाच नव्हता. खाली वाकता येईना म्हणून मी भिंतीला धरून जमिनीवर बसले आणि किनार बघितली. गल्लीतली लाल माती लागलेली होती. ओली होती.

आता मला भीती वाटते. लिहून टाकलं.

११ फेब्रुवारी, रविवार

आज मावशींना स्पष्ट सांगितलं. माझे कपडे परत द्या, तुमचे घ्या, मी खोली सोडते. त्या अजिबात चिडल्या नाहीत. म्हणाल्या, जरूर ने, पण जे नेलंस ते नेलं होतंस तसं परत कर. मी तर शिवणी उसवल्यात. खळ घातलीये. तसं कसं परत करू? हेच त्या मला प्रेमाने समजावत राहिल्या, लहान मुलाला समजवावं तसं.

मुलगी कुठे गेली, म्हणून मी ओरडलेच. तेव्हा म्हणाल्या की एके दिवशी सकाळी कपडे खुर्चीत राहिले आणि ती नव्हती. एवढंच. मग त्यांनी वाट बघितली. कपडे नुसते टांगून माणूस येत नाही, त्यांना आकार लागतो, आणि आकार द्यायला आतून कोणीतरी लागतं, म्हणाल्या. तू पहिली मुलगी जिने अंगावर वाळवले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा संताप आला.

दहाला बाबांचा फोन आला. मावशी शेजारी उभ्या होत्या. मी ठीक आहे म्हटलं. असं का म्हटलं मी?

१४ फेब्रुवारी, बुधवार

जिराफकडे राहायला जायचं ठरवलं होतं. ट्रंक भरली. सकाळी अंगात ताप भरला, दाराजवळच बसकण मारली. मावशींनी उचलून खाटेवर टाकलं.

दुपारी जाग आली तर गळ्याभोवती काहीतरी गार. मावशी उशाशी बसून होत्या, तापाला ओल्या कापडाची पट्टी ठेवलीये म्हणाल्या. बरं वाटत होतं. मी त्यांना ‘थँक्यू’ म्हटलं. थँक्यू म्हटलं मी त्यांना!

मग वास आला. खळीचा. हात तिथवर नेता येईना. ती पट्टी नव्हती, उंच कॉलर होती, बटणं लावलेली, आणि ती वाळत आली होती.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

आवाज नाही. ओठ हलतात, आत काही नाही. कॉलर मावशींनी रात्रीच काढून समोरच्या खोलीत नेली.

पाण्याने सुटेल. हात सुटले होते. पण मोरी बोळाच्या टोकाला आहे आणि पाय उचलत नाहीत. मावशींना तांब्या खुणेने मागितला, तर चमच्याने पाणी पाजलं. एक थेंब सांडू दिला नाही.

मनगटापुढे मात्र हात माझे आहेत. बाह्या मनगटापर्यंतच होत्या ना. बोटं चालतात. म्हणून लिहितेय.

१८ फेब्रुवारी, रविवार

दहाला फोन वाजला. मी खाटेवर. उठायचा प्रयत्न केला, खूप केला.

बाहेरच्या खोलीत कोणीतरी फोन उचलला. माझा आवाज. माझा. बाबांना म्हणत होता की इस्त्री ठीक आहे, जेवतेही आहे, आणि दोन्हीचा क्रम तुम्ही चुकवलात तर मला काळजी वाटेल. हे मीच म्हटलं असतं. असंच म्हटलं असतं. बाबा हसले असतील. ती पण हसली, माझ्यासारखीच, शेवटी खोकत.

बाबांना कळलं नाही. कसं कळेल त्यांना—

२१ फेब्रुवारी, बुधवार

मावशी बाजारात गेल्या तेव्हा निघाले. भिंत धरून, मग रेलिंग धरून. दहा मिनिटांच्या रस्त्याला सकाळ लागली. वही खिशात. अंगावर मुलीचे राहिलेले कपडे, माझी भरलेली ट्रंक मावशींनी केव्हाच समोरच्या खोलीत नेली आहे.

वर्गाच्या दारात पोचले. माझ्या जागेवर कोणीतरी बसलं होतं. माझा निळा शर्ट, माझा काळा स्कर्ट. त्यांच्याखाली, बाहीच्या टोकाशी, मी खळ घातलेल्या पांढऱ्या बाहीचं मनगट दिसत होतं. डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, सर्दी झाल्यावर गुंडाळतात तसा. सर वाकून तिचं काम बघत होते. चहा पीत होते.

जिराफने मला बघितलं. धावत आली. मला एवढं हायसं वाटलं! तिने माझ्या बाहीला बोट लावलं, हळूच, आणि वळून सरांना म्हणाली की हिचं नवीन शिल्प कोणीतरी दारातच आणून ठेवलंय. बापरे, डोळेसुद्धा केलेत, म्हणाली.

मी बोटं हलवली. तेव्हाच माझ्या जागेवर बसलेली ती उठली आणि सगळे तिच्याकडे बघायला लागले.

जिराफने मला कमरेला धरून उचललं. मी किती हलकी आहे याचं तिला नवल वाटलं.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

सर म्हणाले प्रदर्शनापर्यंत घरीच जपून ठेवा, इथे धूळ बसेल. हातगाडीवरून आणलं. वाटेत सगळे थांबून बघत होते.

आता बाहेरच्या खोलीत, फोनच्या टेबलापाशी. हात टेबलावर टेकवलेत. हाताखाली ही वही आणि पेन्सिल. वहीसुद्धा शिल्पाचाच भाग आहे असं सरांना वाटलं. मावशींना पण ती शोभते म्हणे. घरात कोणी नसलं की लिहिते.

२६ फेब्रुवारी, सोमवार

मावशींनी तोंड पुसलं. ओल्या रुमालाने. आणि रुमाल काढला नाही. दुपारचं ऊन खिडकीतून सरळ तोंडावर—

काढताना म्हणाल्या, झालंच गं, झालंच, दुखायचं नाही.

रुमाल घेऊन समोरच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळाने तिथून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. मग रडण्याचा. आई म्हणून हाक आली. माझ्याच आवाजात, पण मी ती हाक नऊ वर्षं मारलेली नाही.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

तिला तोंड आहे आता. माझं. माझ्या समोर उभी राहून केस विंचरते, मी आरसा असल्यासारखी.

वाईट नाही ती. काल माझ्या खांद्यावरची धूळ झटकली. इतक्या हळू. आणि माफ कर म्हणाली. पण बाबा? बाबांचं काय? माझे आहेत ते. एक न्यायचं, एक ठेवायचं, तर मग बाबांच्या बदल्यात काय ठेवलंस—

पेन्सिल नीट धरता येत नाही. बोटांच्या पेरांत कडकपणा आलाय.

२ मार्च, शनिवार

उद्या बाबा. त्यांना कळेल. कोणालाच नाही कळलं, पण त्यांना कळेल. ते कपडा हातात घेतला की सांगतात आत कोण होतं. माझ्याच बाबांना कळणार नाही?

घाबरायचं नाही. एकच दिवस.

३ मार्च, रविवार

आले.

दारात चपलांचा आवाज. तिने धावत जाऊन मिठी मारली. बाबा पोपट म्हणाले. तिला. बारीक झालीस म्हणाले.

इकडे बघा ना. बाबा—

बघितलं! समोर उभे आहेत. किती थकलेत. चष्मा नवीन आहे. माझ्या खांद्याची शिवण दोन बोटांत धरली. खळ पातळ केलीस, शहाणी, म्हणाले. डोळ्यांत बघतायत. बघतायत—

वही उचलली. वाच

वाचलं. पहिलं पान. मोठ्याने. हसले, डोळे पुसले, तोंडाचा पट्टा तसाच आहे म्हणाले. पुढची पानं उलटायला लागले तेवढ्यात तिने वही हळूच काढून घेतली. लिहिलेलंही शिल्पातलंच आहे म्हणे, भुताची गोष्ट, प्रदर्शनात वाचा. पुन्हा माझ्या हाताखाली ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

बाबा गेले नाहीत. माझ्याभोवती फिरतायत. मान हलवतायत. हातगाडीवर चुरगळलंय म्हणतात. एवढं चांगलं काम आणि लोकांसमोर असं न्यायचं? पोरीची मान खाली जाईल. थांब, मी आहे ना.

इस्त्री कुठे आहे म्हणाले.

ती नको म्हणतेय. खरंच नको म्हणतेय, रडवेली झालीये. मावशी म्हणतात करू दे, बाप आहे. मावशींनी वायर लावली—

पाणी मागितलं. तांब्यात बोटं बुडवून शिंपडतायत. गार. कोपर सुटला. सुटतोय! गळ्यावर पडलं. आत काहीतरी हललं. आवाज आहे, खाली कुठेतरी आहे, येतोय, बाबा, अजून पाणी, थोडंसं अजून

बोट भिजवून इस्त्रीला लावून बघितलं. चर्र झालं.

नाही, थांबा, बोलते मी, आत्ता बोलते, आधी कॉलर घेतात ते, नेहमी आधी कॉल